मुलं आपसात बोलत शिकतील अशी विद्यापीठाची इमारत कशी आखावी?

तुम्ही विचारलंय की विद्यापीठाची नवी इमारत होतेय, मुलं नुसती ऐकत बसू नयेत, तर वर्ग कसे असावेत. मी वास्तुरचनाकार आहे, असे दोन वर्ग केलेत. माझं म्हणणं एकच: नकाशाची सुरुवात टेबलापासून करा.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट बाइकनर यांनी 'स्केल-अप' वर्ग उभे केले. ७ फूट व्यासाचं गोल टेबल, भोवती ९ मुलं, तिघातिघांचे तीन गट. टेबल लहान झालं तर वह्या आणि लॅपटॉप मावत नाहीत, मोठं झालं तर समोरच्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो. अमेरिकेतल्याच एमआयटी विद्यापीठाचा भौतिकशास्त्राचा 'टील' वर्ग याच धर्तीचा: १३ टेबलं, ११७ विद्यार्थी, भिंतींवर चहूकडे फळे. अशा वर्गाला बाकांच्या वर्गापेक्षा जास्त जागा लागते, हे समितीला पहिल्याच बैठकीत सांगा. नाहीतर टेबलं दाटीवाटीने बसवतात आणि शिक्षक मागच्या टेबलापर्यंत पोचतच नाही.

दुसरी गोष्ट आवाज. माझ्या पहिल्या वर्गात खाली गुळगुळीत फरशी, वर पीओपी, एका बाजूला पूर्ण काच. सहा टेबलांवर एकदम चर्चा सुरू झाली की नुसता गलका. महिन्याभरात सगळ्या खुर्च्या फळ्याकडे तोंड करून लागल्या! चूक माझी होती, मी आवाजाचा विचारच केला नव्हता. दुसऱ्या वर्गात आवाज शोषणारं छत घेतलं, मागच्या भिंतीला जाड कापडी पॅनेल लावले, खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचं घातली. तिथे आजही गटागटाने काम चालतं. वीजही फरशी बसवायच्या आधीच टेबलांखाली आणून ठेवा, नंतर वायरी पायात येतात.

वर्गाबाहेरच्या जागेसाठी सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठाची 'द हाइव्ह' ही इमारत बघा. ब्रिटिश डिझायनर थॉमस हेदरविक यांच्या स्टुडिओची, २०१५ साली सुरू झालेली. १२ मनोऱ्यांत ५६ खोल्या, खोल्यांना कोपरे नाहीत आणि सगळ्या मधल्या चौकाकडे उघडतात, आपल्या वाड्यासारख्या. तास संपला तरी बोलणं तिथेच चालू राहतं. आपल्याकडे निदान कॉरिडॉर रुंद करून कडेला बसायला कट्टे द्या.

नकाशा मंजूर करण्याआधी रिकाम्या हॉलमध्ये खडूने ७ फुटी तीन गोल आखा, २७ मुलं बसवा आणि तुमच्या शिक्षकांना त्यांच्यामधून फिरून बघायला सांगा.