शेतात मेटल डिटेक्टरने जुनी तांब्याची नाणी सापडली. ती साफ कशी करावीत आणि किंमत किती येईल?

साफ करू नका. लिंबू हातात घेतलं असेल तर आधी खाली ठेवा, मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की छंद नवा, सोबतचा मित्रही नवा, नागपूरजवळ काटोल रोडकडच्या एका शेतात चार हिरवी पडलेली नाणी मिळाली आणि मित्र म्हणतो चिंचेत भिजवू. माझं नेमकं हेच झालंय, म्हणून लिहायला बसलो.

माझं इतवारीत मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी एक जण डिटेक्टरची तुटलेली केबल जोडायला आला. डिटेक्टरची थाळी म्हणजे तांब्याच्या तारेची कॉइलच, आमच्या रोजच्या कामातली. जोडून दिली, पैसे घेतले नाहीत आणि पुढच्याच रविवारी त्याच्यासोबत निघालो. दोन वर्षं आम्ही सोबत फिरलो. आपल्या काळ्या मातीत लोह फार, त्यामुळे मशीन उगाच कुरकुरते. ती कुरकुर कोणती आणि खरा आवाज कोणता, हे त्यानेच मला शिकवलं. ते मी विसरलेलो नाही.

मे महिना होता. कळमेश्वरकडे त्याच्या आत्याची संत्र्याची बाग आहे, तिला लागून नुकतंच नांगरलेलं वावर. ऊन तापायच्या आत म्हणून साडेपाचलाच लागलो. आधी बैलाच्या नालाचे खिळे, मग एक भोकाचा पैसा, 1944 चा. युद्धात तांबं वाचवायला 1943 पासून तो मधे भोक पाडून काढत. माझे आजोबा तो वायसर म्हणून वापरत. मग चिंचेच्या झाडापासून वीस पावलांवर एकसारखा, स्वच्छ आवाज आला. खुरप्याने वीतभर उकरलं तर मातीचा गोळा, आणि गोळ्यात एकाला एक चिकटलेले सात जाड पैसे. पोपटी हिरवे, कडा वेड्यावाकड्या, एकही धड गोल नाही.

घरी आत्याने आम्हाला आलू-वांग्याची भाजी अन् भाकर वाढली. विचारलं, ‘काही भेटलं का बाबू?’

तो म्हणाला, ‘काही नाही आत्या, खिळेच खिळे.’

मी मान खाली घालून जेवत राहिलो. ते आजही मला टोचतं.

गाडीत मी विषय काढला, तर म्हणे, ‘तिले काय समजते नाण्यातलं?’ मी म्हटलं, जमीन तिची आहे. तो म्हणाला, ‘अन् मशीन कोणाची हाय?’ पाच त्याने ठेवले, दोन मला दिले. रात्री फोनवर फोटो आला: पाचही पैसे लिंबू-मिठात भिजवून, तारेच्या ब्रशने घासून, नव्या गडव्यासारखे लाल लखलखीत. आणि सपाट.

जमिनीत राहिलेल्या तांब्याचा वरचा थरच हिरवा होऊन जातो. अक्षरं त्या थरात असतात. आंबट लावलं की थर विरघळतो आणि अक्षरं त्याच्यासोबत जातात. चमक येते ती आतल्या तांब्याची.

माझे दोन पैसे मी नाण्यांच्या एका जुन्या जाणकाराला दाखवले. त्यांनी ते टॉर्चच्या तिरप्या उजेडात फिरवले, तशी फारसी अक्षरांची वळणं उठून दिसली. मराठ्यांनी पाडलेल्या पुष्कळ नाण्यांवर फारसी मजकूर आणि मोगल बादशहाचंच नाव असे, नागपूरच्या भोसल्यांच्या नाण्यांवरसुद्धा. मग त्यांनी विचारलं, ‘बाकीचे कुठे आहेत?’ या पैशांचा ठसा पैशापेक्षा मोठा असायचा. त्यामुळे एका पैशावर मजकुराचा एकच तुकडा उमटे, दुसऱ्यावर दुसरा. सातही शेजारी ठेवले असते तर तुकडे जुळवून टाकसाळीचं नाव वाचायची संधी होती. दोनांवर ते जुळत नाही.

पुढच्या रविवारी मी एकटा कळमेश्वरला गेलो आणि दोन्ही पैसे आत्याच्या तळहातावर ठेवले. तिने उलटेपालटे केले आणि म्हणाली, ‘सासरे सांगत, त्या चिंचेखाली आधी बाजार भरे.’ नाण्यातलं काही समजत नाही म्हणे तिला! त्या जागेबद्दल आम्हाला कळलेली सगळ्यात मोलाची गोष्ट तिनेच सांगितली. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

तो हे वाचत असेल तर त्याच्यासाठी. गुप्तधनाचा 1878 चा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जमिनीतून निघालं तर काय, कुठे, कधी सापडलं ते कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. न कळवल्यास वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि मालक नसलेलं धन ठरलं, आपसात वेगळा करार नसला, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश. म्हणजे मशीनवाल्याचा वाटा मोठाच आहे, पण मालकाचा वाटा शून्य नाही. आत्याला खरं सांगितलं असतं तर तुझं काय गेलं असतं? मी तिच्यासोबत कलेक्टर कचेरीत जाऊन त्या दोन पैशांबद्दल अर्ज दिला, वजन आणि जागा लिहून, पोच घेतली. अर्धा दिवस लागला.

आता तुमचं. नाण्यांवरची माती बॅटरीत टाकायच्या डिस्टिल्ड पाण्यात मऊ होऊ द्या (ॲसिड नव्हे, साधं पाणी), दात कोरायच्या काडीने हलकेच काढा, पूर्ण वाळवा. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा, मऊ प्लास्टिकच्या पाउचमध्ये नको. पाकिटावर गट नंबर, झाडापासूनचं अंतर, खोली आणि तारीख लिहा.

नाणी न पाहता मी किंमत सांगणार नाही, आणि फोटोवरून लाखांचा आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावाने आगाऊ कमिशन मागणाऱ्यांबद्दल बँकेने 2021 मध्ये स्वतः इशारा दिला होता.

आणखी एक, हे आधीच सांगायला हवं होतं. रामटेकजवळ नगरधन, मनसर किंवा काटोल रोडवरच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांच्या आसपास मशीन नेऊच नका. नगरधनच्या उत्खननात वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताची मुद्रा मिळाली, ती मातीची. मातीच्या मुद्रेवर मशीनचा खरा आवाज येत नाही. आपण तिथे खिळ्याच्या आवाजावर खुरपं मारलं असतं तर ती ढेकूळ म्हणून फुटली असती. मी वकील नाही. कायद्याचं बारीकसारीक कलेक्टर कचेरीत विचारून घ्या.

तुमच्या प्रश्नात शेत कोणाचं आहे ते कुठेच लिहिलेलं नाही. त्यांना सांगितलंत का?