शब्द पन्नास वेळा लिहून काय झालं?

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. तोंडी विचारलं की सगळं सांगतो, पेपर मात्र निम्मा कोरा. चुकलेला शब्द मी रोज ५० वेळा लिहून घेतो, तरी फरक नाही. सारखा पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरपाशी बसलेला असतो. चुलतभाऊ एमबीबीएसला लागला. याला यंदाच लातूरला खोली करून नीटच्या फाउंडेशन बॅचला टाकावं का? वहीचा फोटो जोडला आहे.
– एक पालक, औसा तालुका

उत्तर : नका टाकू. नीटचं दहावीनंतर बघता येईल. क्लासबद्दल माझं एवढंच.

मी अडकलो तो वहीच्या फोटोवर. 'परिस्थिती' हा शब्द. पहिल्या तीन ओळी बरोबर, मग 'परिस्थीती', मग 'परिथिस्ती', पुढे पानाच्या शेवटापर्यंत तेच 'परिथिस्ती'. आणि खाली तुमच्या लाल पेनाचा शेरा, 'आळशी'. अहो, आळशी पोरगं चौथ्या ओळीला उठून पळालं असतं. तुमचं लेकरू पन्नासावी ओळ लिहूनच उठलं. त्या बैठकीत त्यानं चुकीचा शब्द चाळीसहून जास्त वेळा पक्का केला, आणि तो करवून घेतला तुम्ही. हे आजपासून बंद.

'तोंडी येतं म्हणजे डोकं आहे, लिहीत नाही म्हणजे माज आहे' हा हिशेब आपल्याकडे घरोघरी चालतो. शिक्षकही तोच मांडतात. पण ऐकलेला आवाज आणि कागदावरचं अक्षर यांची जोडणी काही मुलांच्या मेंदूत सहजासहजी होत नाही. जोडाक्षर आलं, वेलांटी आली की गाडी घसरते. याला डिस्लेक्सिया म्हणतात. लिहिण्यापुरती अडचण असेल तर डिसग्राफिया. त्याचा बुद्धीशी संबंध नाही, आणि घोटून घेतल्यानं ते जात नाही. तुमच्या मुलाला हेच आहे, असं मी फोटोवरून सांगणार नाही. आधी डोळे आणि कान तपासा. मग जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभागात अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे वाचन-लेखनातल्या अशा अडचणींच्या, चाचणीची चौकशी करा.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ही अक्षमता येते. 'दिव्यांग' म्हटलं की पालक माघारी फिरतात. 'उद्या लग्न कसं जमायचं?' असं आठवीतल्या मुलाबद्दल मला विचारलेलं आहे! या अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळतात, गरजेनुसार लेखनिकही. अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून दहावीच्या जानेवारीपर्यंत थांबू नका.

घरी एवढंच करा. धडा कुणीतरी मोठ्यानं वाचायचा, आईनं किंवा बहिणीनं, आणि त्यानं ऐकून आपल्या शब्दांत सांगायचा. मोबाइलवर रेकॉर्ड केलात तर शेतात जाता-येताही ऐकेल. चुलतभावाचं नाव मात्र घरात काढायचं नाही.

स्टार्टरचं तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. मला ते बरं वाटलं, कशात तरी त्याचं मन रमतंय. पण म्हणून उद्याच 'जाऊ दे आयटीआयला' असंही करू नका. आयटीआय वाईट नाही, पण अभ्यास जमत नाही म्हणून तिकडे ढकललेलं पोर तिथंही हिरमुसलेलंच बसतं. वाट निवडायला अजून दोन वर्षं हातात आहेत.

तपासणीला जाताना ती वही सोबत न्या, तिथं उपयोगी पडेल. त्याआधी तो लाल शेरा तेवढा खोडा, त्याच्यादेखत.