माकड, रानडुक्कर आणि कायदा : दुकानातला सल्ला ऐकण्यापूर्वी

प्रश्न (लांजा, राजापूर आणि कणकवली तालुक्यांतून आलेले प्रश्न एकत्र केले आहेत) : माकडे मोहोर झोडतात, कैऱ्या ओरबाडतात, रानडुकरे दाणा भरलेले भात एका रात्रीत लोळवतात. माकड आता कायद्यातून सुटले आहे आणि डुकराला परवानगी लागत नाही, असे दुकानदार सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : खरे नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यामुळे अनुसूचींतून, म्हणजे कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या याद्यांतून, सुटले ते उत्तर भारतातले ऱ्हीसस माकड. आपल्या बागेत शिरणारे लाल तोंडाचे केलडे ही वेगळी जात असून, त्याच दुरुस्तीने ती अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघ-बिबट्याच्या यादीत गेली आहे. अनुसूची १ मधील प्राण्याची शिकार केल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद व किमान २५ हजार रुपये दंड होतो. काळतोंडे वानरही संरक्षित आहेत. अर्धी बातमी ऐकून माल विकणारा दुकानदार कोर्टात तुमच्या शेजारी उभा राहणार नाही, हे आधी लक्षात घ्या.

रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकाचे नुकसान करत असल्यास कलम ११ खाली त्याला मारण्याची लेखी परवानगी मिळू शकते. त्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करावा लागतो. ती परवानगी ठराविक क्षेत्रापुरती आणि मुदतीपुरती असते, आणि मारलेले जनावर शासनाची मालमत्ता ठरते. त्याचे मटण वाडीत वाटले की परवानगी हाती असूनही गुन्हा दाखल होतो.

आता दुकानांतून दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांविषयी, आणि हे मी स्पष्टच लिहितो. बांधावर थिमेट पसरा, खाद्यात मिसळून ठेवा, असा सल्ला आजही दिला जातो. थिमेट म्हणजे फोरेट हे विषारी कीटकनाशक, आणि त्याच्या वापरावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. ज्याच्याकडे ते आजही मिळते, तो जुना किंवा चोरीचा माल विकत आहे. पहिल्या जोराच्या सरीबरोबर ते विष व्हाळातून खालच्या विहिरीत उतरते, आणि डुकराच्या आधी तुमची गुरे, कुत्री आणि कोंबड्या मरतात. थिमेट वापरू नका. थोडेही नको, बांधाच्या बाहेरही नको.

दुसरा सल्ला फासक्यांचा आणि गावठी बॉम्बचा. डुकरासाठी क्लच वायरची फासकी लावायची आणि सकाळी तिच्यात कमरेत आवळलेला बिबट्या सापडायचा, हे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात वारंवार घडले आहे. फासकी कोणासाठी लावली होती, हे सांगून सुटका होत नाही; गुन्हा बिबट्याचाच लागतो.

तिसरा आणि सर्वांत घातक प्रकार म्हणजे घरच्या मीटरवरून किंवा खांबावर आकडा टाकून तारेत थेट वीज सोडणे. अशा तारेला चिकटून मरणारा बहुतेक वेळा घरचाच असतो : पहाटे पाणी बघायला गेलेला भाऊ, गुरे वळायला आलेली शेजारीण. त्यानंतर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो, आणि आकडा टाकला असेल तर वीजचोरीचाही. थेट वीज कधीही सोडू नका.

माकडांना आवाजाने पळवण्यासाठी कार्बाइडच्या पाइप बंदुकाही आता हाट-बाजारात मिळू लागल्या आहेत. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात याच प्रकारच्या बंदुकांनी अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. माकडे तर रोजच्या आवाजाला थोड्याच दिवसांत सरावतात, मग दुकानदार आणखी मोठा पाइप पुढे करतो.

प्रश्न : उपद्रवी वन्यप्राणी मारता यावेत म्हणून केरळने स्वतःचा कायदा केला म्हणतात. पुढारीही प्रत्येक सभेत परवानगीचे आश्वासन देतात. मग महाराष्ट्रात अडते कुठे?

उत्तर : १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वन्यप्राण्यांचे संरक्षण हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांच्या यादीत गेला, त्यामुळे केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद राज्याला राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय अमलात आणता येत नाही. केरळ विधानसभेने ऑक्टोबर २०२५ मध्ये विधेयक मंजूर केले. विधानसभेची मंजुरी म्हणजे लागू झालेला कायदा नव्हे. एखाद्या प्राण्याला उपद्रवी घोषित करण्याचा, म्हणजे त्याचे कायदेशीर संरक्षण काढण्याचा, कलम ६२ चा अधिकार केंद्राकडे आहे, तोही अनुसूची २ मधील प्राण्यांपुरता. २०१५-१६ मध्ये केंद्राने बिहार, उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेशासाठी तशा अधिसूचना काढल्या. बिहारमध्ये मोकामा येथे नीलगायींची कत्तल झाली, तेव्हा केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनी आपल्याच सरकारच्या पर्यावरण खात्यावर जाहीर टीका केली आणि तेव्हाचे पर्यावरण मंत्री प्रकाश जावडेकर यांनी राज्यांच्या मागणीनुसारच परवानगी दिल्याचे उत्तर दिले. एकाच मंत्रिमंडळात जेथे एकमत नव्हते, तेथे प्रचारसभेतल्या वाक्यावर विसंबून बंदूक उचलणे म्हणजे स्वतःहून तुरुंगाची वाट धरणे आहे.

केलडे अनुसूची १ मधून खाली आणावे आणि रानडुकराबाबत राज्याला अधिकार द्यावेत, ही मागणी माझ्या मते रास्त आहे. ग्रामसभेत ठराव करा, पंचनाम्यांच्या प्रती जोडा आणि आमदार-खासदारांकडे पाठवा. नुकसानीची नोंदच नसेल तर दिल्लीत कोणी दखल घेणार नाही, आणि आपल्याकडचे अनेक शेतकरी नोंद करतच नाहीत.

भरपाईसाठी तीन दिवसांच्या आत वन कार्यालयात कळवा आणि पंचनाम्यापूर्वी पीक उचलू नका. खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीला पीक विम्यात जागा देण्याचा केंद्राचा निर्णय आहे. त्यासाठी ७२ तासांत ॲपवर फोटोसह कळवावे लागेल. तपशील कृषी सहायकाकडे मिळेल.

माझा आग्रह मात्र एकाच गोष्टीसाठी आहे, आणि तो म्हणजे अख्ख्या वाडीचे मिळून एक सौर झटका कुंपण, म्हणजे थेट वीज नव्हे तर सौर यंत्रातून थांबून थांबून क्षणभराचा झटका देणारी तार. एकट्याच्या दहा गुंठ्यांना घातलेले कुंपण डुकरांना फक्त शेजाऱ्याकडे वळवते. यंत्र घेताना 'जास्त पॉवरचे घ्या' या विक्रेत्याच्या आग्रहाला बळी पडू नका. एका झटक्याची ऊर्जा पाच ज्यूलच्या आत असावी आणि दोन झटक्यांत किमान एक सेकंदाचे अंतर असावे. झटका कमी लागत असेल तर दोष सहसा यंत्रात नसून अर्थिंगमध्ये असतो, कारण जांभ्याचा कातळ एप्रिलमध्ये वाळून ठणठणीत होतो; अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत राहा. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभरच उंच ठेवा आणि पावसात तिला गवत टेकू देऊ नका. माकडांसाठी कुंपणावर आलेल्या फांद्या तोडल्याशिवाय कुंपणाचा काही उपयोग नाही.

डुकरांचा ठिय्या असतो तो पडीक वरकस जमिनीतल्या झाडोऱ्यात, आणि ती जमीन बहुधा मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्यांची असते. म्हणून वाडीची बैठक मे महिन्यात, ते गावी असताना घ्या, साफसफाईची संमती लेखी घ्या आणि वर्गणी तिथेच ठरवा. गणपतीत बैठक घेऊ नका. तोवर हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे, भात पोटरीच्या पुढे गेलेले असते आणि डुकरे शेतात उतरलेली असतात.