शेत विकायच्या आधी चिंचोके टाकून बघ

भाऊ,

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज काल बसमध्ये ऐकला, दोनदा ऐकला, कारण पहिल्यांदा तुझ्यापेक्षा तुझ्या आजीचाच आवाज जास्त येत होता. "आंडोर काय करी ऱ्हायना, गेमच खेळी ऱ्हायना" (पोरगं काय करतंय, नुसता गेमच खेळतंय) हे मात्र एकदम क्लिअर आलं. आजीला सांग ताईपण तेच करते, फक्त ताईला महिन्याच्या शेवटी त्याचा पगार येतो.

आता मुद्द्याचं. पुण्याच्या त्या प्रायव्हेट कॉलेजात गेम डिझाइनला नंबर लागलाय, फी वर्षाला साडेचार लाख, चार वर्षं. दुसरीकडे सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर टेस्टरचं, म्हणजे गेम खेळून त्यातल्या चुका शोधायचं काम मिळतंय, महिना सोळा हजार. आणि पप्पा म्हणतात बोरी नदीच्या पलीकडचं दोन बिघे शेत काढून टाकू पण पोराचं शिक्षण करू. हे शेवटचं वाक्य ऐकून मी फोन खिशात ठेवला आणि स्टॉप येईपर्यंत नुसती खिडकीबाहेर बघत बसले.

तर आधी तेच सांगते, बाकीचं नंतर. शेत विकू नका. आणि लोन काढू म्हणत असशील तर हिशोब करून बघ, अठरा लाख, दहा टक्के व्याज, दहा वर्षं, हप्ता येतो साधारण चोवीस हजाराचा, शिकत असताना चढलेलं व्याज वेगळंच. आणि गेम डिझायनर म्हणून नवीन लागलेल्या पोराच्या हातात सुरुवातीला किती येतात? मी ज्या पोरांना ओळखते त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात पंचवीसच्या आसपासच. म्हणजे पगार बँकेला आणि जेवण मेसवाल्याच्या उधारीवर. कॉलेज वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, तिथे चांगले शिक्षक असतील, लॅब भारी असेल, सोबत काम करायला पोरं मिळतील आणि ती सगळ्यात मोठी गोष्ट असते, पण अठरा लाखांची नाही. ज्याच्या बापाकडे अठरा लाख असेच पडलेत त्याने खुशाल जावं.

तुझ्या पप्पांचा मला परवा वेगळा फोन आला होता, तुला माहीत नसेल. त्यांचं म्हणणं, ताई, गेम म्हणजे शेवटी पत्तेच ना, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) एक दिवस खेळतो तो वेगळा, त्यावर पोट कसं भरायचं. मला हसू आलं पण ते अगदी चुकीचं बोलत नव्हते. मोबाइलवर रमी आणि पैसे लावायच्या गेमच्या जाहिराती बघूनच आपल्याकडच्या लोकांचं गेमबद्दलचं मत झालंय, आणि तिकडे पगारही तगडे होते, माझ्यासोबतचे दोघं तिकडे गेलेले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेत कायदा झाला, पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर देशभर बंदी, आणि बघता बघता कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. हे पप्पांना नीट सांग, की पैसे लावायचा गेम वेगळा आणि आपण म्हणतो तो गेम वेगळा. पण हेही सांग की आपल्याकडचा धंदाही काही फार स्थिर नाही, परदेशातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी मागच्या काही वर्षांत भरपूर लोकं काढलीत, एकट्या मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या जानेवारीत गेमिंगमधले १,९०० काढले. लपवून काही फायदा नाही, त्यांना पेपरमध्ये दिसणारच आहे.

माझं कसं झालं ते तुला अर्धंच माहितीये. मी आपल्याच गावच्या कॉलेजात बीएस्सी केलं, मॅथ्स घेऊन, कारण दुसरीकडे पाठवायची घरची तयारी नव्हती. माझ्या मार्कशीटवर नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, बहिणाबाईंचं नाव २०१८ मध्ये लागलं, गावात शिकलास तर तुझ्या मार्कशीटवर येईल, भाग्यवान आहेस. २००९ मध्ये पुण्यात आले आणि गेम बनवणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत टेस्टर म्हणून चिकटले. तेव्हा बटणवाले फोन, जावा गेम. एकच गेम, पण प्रत्येक फोनची स्क्रीन वेगळी, बटणं वेगळी, काही जुन्या हँडसेटवर तर फाइल ६४ केबीच्या वर गेली की चालायचीच नाही. म्हणजे आज तू व्हॉट्सॲपवर जो गुड मॉर्निंगचा फोटो पाठवतोस ना, त्याच्याहून लहान जागेत अख्खा गेम, आवाजासकट. माझ्या टेबलावर एका ड्रॉवरमध्ये चाळीसेक फोन असायचे आणि मी सकाळपासून एकच लेव्हल एकामागून एक फोनवर खेळायची. तिसऱ्या महिन्यात मला गेम बघितला तरी मळमळायचं.

पण शिकले तिथेच. बग, म्हणजे गेममधली चूक, लिहायचा म्हणजे "गेम हँग होतो" असं लिहून चालत नाही. कुठल्या लेव्हलला, काय करत होतीस, काय दाबलंस, दहापैकी किती वेळा होतं, कुठल्या फोनवर होतं कुठल्यावर नाही. उडी मारताना पॉज केलं आणि परत आलं तर माणूस भिंतीत अडकतो, दहापैकी सात वेळा, असं. हे लिहून लिहून डोक्याला अशी सवय लागली की माणूस नक्की कुठे वैतागतो, कुठे कंटाळतो, कुठे चुकून मजा येते हे दिसायला लागलं. एका डिझायनरने माझे रिपोर्ट वाचून मला बसवलं, एक्सेलची शीट उघडली, म्हणाला ही शत्रूची ताकद, ही आपली, सांग तिसरी लेव्हल अवघड का वाटते. तो दिवस. बाकी तो स्टुडिओ टचस्क्रीनचे फोन आल्यावर दोन वर्षांत बुडाला आणि माझा दोन महिन्यांचा पगार अजून यायचाय, त्याच्यावर पुढे बोलते.

आता तू मेसेजमध्ये म्हणालास की मला गेम डिझायनर व्हायचंय कारण माझ्याकडे स्टोरीच्या खूप आयडिया आहेत. भाऊ, रागावू नको, पण आयडिया सगळ्यांकडे असतात, तुझ्या आजीकडेही असतील. डिझायनरचं काम म्हणजे नियम बांधायचे, आकडे लावायचे, दुसऱ्याला खेळायला द्यायचं, तोंड बंद ठेवून बघत बसायचं आणि मग स्वतःचीच लाडकी गोष्ट कापून टाकायची. पटत नसेल तर आजीकडून चल्लस आठचा पट मांडून घे, कुणी अष्टाचंगा म्हणतं. चार चिंचोके फोडलेले, एक बाजू पांढरी एक काळी. जितके पांढरे तितकी घरं, आणि चारही काळे पडले तर आठ. पांढरं-काळं निम्मं निम्मं धरलं तर एकूण सोळा प्रकारे दान पडतं, त्यात दोन सहा वेळा येतं, एक चार वेळा, तीन चार वेळा, चार एकदा आणि आठ एकदा. म्हणजे सोळातून एकदाच येणाऱ्या गोष्टीला सगळ्यात मोठं बक्षीस, वर परत टाकायला मिळतं. ज्या कुण्या बाईने किंवा बाप्याने हे पहिल्यांदा बांधलं त्याला कुठल्या कॉलेजची डिग्री नव्हती पण डोकं डिझायनरचंच होतं.

आता तू असं कर. पाचवा चिंचोका घाल. पाचही काळे पडायची शक्यता बत्तीसात एक झाली, मग बक्षीस आठच ठेवायचं की वाढवायचं, गेम लवकर संपतो की लांबतो, मधेच कोणी हरल्यासारखं होऊन उठून जातं का. आजी, पप्पा आणि शेजारच्या दोन पोरांना बसवून वीस गेम खेळून घे आणि वहीत लिही. आणि चिंचोके खरंच निम्मे निम्मे पडतात का ते शंभर वेळा टाकून मोज, मी मोजलेत, नाही पडत, पोट फुगीर असतं त्याचं. हे करताना मजा आली आणि रात्री झोपताना पण तेच डोक्यात घोळत राहिलं तर ये या धंद्यात. आणि बारा गेमनंतर वही फेकून दिली तर तेही कळलं बरं झालं, प्रोग्रामिंग आहे, आर्ट आहे, साउंड आहे, गेममध्ये सगळेच काही डिझायनर नसतात आणि खरं सांगू का, नोकऱ्या प्रोग्रामरला जास्त असतात.

मग डिग्री की नोकरी? माझं मत, दोन्ही, पण स्वस्तातली डिग्री.

डिग्री कशाला तर डिझाइन शिकायला नाही, दारं बंद होऊ नयेत म्हणून. आम्ही स्टुडिओत माणूस घेतो तेव्हा काय केलंय ते बघतो हे खरं, पण मोठ्या कंपनीत आधी एचआरची चाळणी असते आणि तिथे ग्रॅज्युएट नाही म्हटलं की बायोडेटा आमच्यापर्यंत येतच नाही. आणि उद्या बाहेर जायची संधी आली, तर अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाला बॅचलर डिग्री किंवा तिच्या बरोबरीचं काहीतरी दाखवावंच लागतं. माझ्यासोबतचा एक खूप हुशार पोरगा, माझ्याहून हुशार, सेकंड इयरला कॉलेज सोडलेला, असाच अडकला आणि पस्तिसाव्या वर्षी परीक्षेला बसला. म्हणून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घाल, नोकरी करत करत होतं. पप्पा म्हणतील ती डिग्री चालते का, तर चालते, यूजीसीनेच २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यता असलेल्या मुक्त विद्यापीठाची डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची. नाहीतर जळगावला किंवा गावातच बीसीए घे आणि नोकरीचं पुढच्या वर्षी बघ, त्यातही काही बिघडत नाही.

आणि एक चान्स घ्यायचाच असेल तर कॉलेजच्या फीपेक्षा यूसीड दे. आयआयटी मुंबई घेते, बीडिझाइनसाठी, बारावी कुठल्याही साइडची चालते, जानेवारीत परीक्षा असते आणि फॉर्म ऑक्टोबरच्या आसपास निघतात, लागोपाठ दोनच वर्षं देता येते. आपल्याकडे क्लासवाले फक्त जेईई नीट करत बसतात म्हणून कुणाला माहीत नसतं. चित्र काढायचा भाग असतो त्यात, तुझी चित्रं मी पाहिलीत, हात बरा आहे, माणसांचे पाय तेवढे सुधार. पुढे एनआयडी या डिझाइनच्या संस्थेच्या बेंगळुरू कॅम्पसमध्ये डिजिटल गेम डिझाइनचं एमडेस आहे, पण ते पदवीनंतर, आत्ता डोक्यात नको घेऊ.

नोकरीचं म्हणशील तर सोळा हजारात पुण्यात तीन जणांत खोली करून भागतं, मजा नाही पण भागतं. फक्त एक बघ, तिथे संध्याकाळी तुझे दोन तास उरतील का. रोज रात्री दहापर्यंत थांबवणार असतील तर सोड, कारण तुला पुढची नोकरी टेस्टिंग देणार नाहीये, ती तू संध्याकाळी जे बनवशील ते देणार आहे. तुझ्या चार जीबीच्या लॅपटॉपवर अनरियलसारखं गेम बनवायचं जड सॉफ्टवेअर नको उघडू, रडेल तो. गोडो घे, फुकट आहे, हलकं आहे, आणि २०२३ मध्ये युनिटीने, तेही असंच सॉफ्टवेअर, अचानक इन्स्टॉलमागे पैसे लावायचं काढलं होतं तेव्हापासून बरीच मंडळी तिकडे वळलीत (वर्षभराने युनिटीने ते मागे घेतलं, तरी लोकांच्या मनात राहिलं). तीन छोटे गेम पूर्ण कर. पूर्ण म्हणजे सुरू होतो, संपतो, परत खेळता येतो. ब्राउझरमध्ये चालतील असे इच डॉट आयओ या साइटवर टाक. माझ्याकडे पोरं चाळीस पानांची डॉक्युमेंटं पाठवतात, ड्रॅगनची वंशावळ वगैरे, मी लिंक आहे का तेवढं बघते. चल्लस आठचाच मोबाइल गेम कर की पहिला, नियम तुला आता माहितीयेत.

आणि स्वतःचा मोठा गेम वगैरे घाई नको. आपल्या पुण्याचाच 'राजी' हा गेम बघ, २०१७ मध्ये लोकांकडून पैसे जमवायचा प्रयत्न फसला आणि गेम आला २०२० मध्ये, आणि ती मुरलेली माणसं होती.

पप्पांनी अजून एक विचारलं होतं, टेस्टर म्हणून लागला तर टेस्टरच राहील का. मी त्यांना म्हटलं, काका, तुम्ही अमळनेरचे ना, १९४५ साली आपल्या गावात वनस्पती तुपाची कंपनी निघाली ती आज तूपच विकते का? दोन सेकंद शांत, मग म्हणाले, ताई, त्या विप्रोचे शेअर आमच्या बाबांकडे होते, पोरीच्या लग्नात विकले. त्याच्यानंतर फोनवर पंधरा मिनिटं फक्त शेअरचंच चाललं, तुझा विषय राहिलाच बाजूला.

तर कॉन्ट्रॅक्ट सही करायच्या आधी मला पाठव. माझ्यासारखं दोन महिन्यांच्या पगारावर पाणी सोडायची वेळ नको, म्हणून पगाराची तारीख लेखी हवी. आणि एक ओळ खास शोध, नोकरीच्या काळात तू घरी जे बनवशील तेही कंपनीचं असं बऱ्याच जणांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये असतं, ते असेल तर आधी मेल करून विचारायचं, तोंडी नाही. तू पाठवलेल्या पीडीएफमध्ये सहावं पान उलटं स्कॅन झालंय आणि अर्धं अंगठ्याखाली गेलंय, तेवढं परत काढून पाठव.

तुझी ताई