सगळं ठरलेलंच असतं, मग रेसलिंगच्या मॅचला स्टार कशाच्या जोरावर देतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लहानपणी केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ पाहिलं, ट्रम्प कार्डं खेळलो, मोठेपणी कळलं की कोण जिंकणार ते आधीच ठरतं. आता पाहावं तर लोक जपान-मेक्सिकोच्या मॅचची परीक्षणं लिहितात आणि साडेचार की पाच स्टार यावरून हमरीतुमरीवर येतात. जे ठरवून केलंय त्याला गुण कशाचे द्यायचे? आणि बाहेरच्या मॅच पाहायच्या तर सुरुवात कुठून करायची?

आधी निकालाचं उरकतो. ते गुपित आता कुणाचंच राहिलेलं नाही. १९८९ साली व्हिन्स मॅकमोहनच्या कंपनीने, म्हणजे त्याच डब्ल्यूडब्ल्यूएफने, न्यू जर्सीच्या सेनेटपुढे स्वतःच सांगितलं की आमचा हा मनोरंजनाचा कार्यक्रम आहे. प्रामाणिकपणाचा झटका वगैरे आला नव्हता. क्रीडा आयोगाची देखरेख आणि त्यासोबत येणारा कर टाळायचा होता. कोल्हापुरात खासबागेत नुरा कुस्ती लागली तर लोक शिव्या घालतील, आणि घातल्याच पाहिजेत, कारण तिथे खरी झुंज बघायला माणूस येऊन बसलेला असतो. रेसलिंगच्या तिकिटात ते वचनच नाही. त्यामुळे 'कोण जिंकलं' या प्रश्नाला इथे परीक्षणात जागा नाही. 'ते जिंकणं पटलं का' याला आहे.

हे पटणं मोजायला मी एकच गोष्ट बघतो: मारलेल्या फटक्याचा पुढे हिशोब लागतो का? दहा मिनिटं गुडघा पिळला आणि अकराव्या मिनिटाला तोच माणूस हरणासारखा पळायला लागला, तर ती दहा मिनिटं वाया गेली. तो दोरावर चढताना पाय घसरला, उचललेला प्रतिस्पर्धी त्याच गुडघ्यामुळे हातातून निसटला, तर आधीचं सगळं वसूल झालं. दुखणं असं वागवत राहण्याला या धंद्यात 'सेलिंग' म्हणतात. उड्या, कोलांट्या, टेबलं फोडणं हे सगळं त्याच्या नंतर.

ही कसोटी लावली की काही प्रसिद्ध निकाल उलटे होतात. सगळ्यात मोठं उदाहरण २९ मार्च १९८७ चं, रेसलमेनिया ३, पॉन्टिॲक सिल्व्हरडोम. कंपनीने प्रेक्षकांचा आकडा ९३,१७३ सांगितला, त्यावर आजही भांडणं चालतात. शेवटची मॅच हल्क होगन विरुद्ध आंद्रे द जायंट. स्टार देण्यासाठी जगप्रसिद्ध असलेल्या डेव्ह मेल्ट्झरने या मॅचला किती दिले? उणे चार. शून्याच्याही खाली. त्याचं म्हणणं समजतं. आंद्रेच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, कपड्यांखाली पट्टा बांधलेला, धड हलताही येत नव्हतं. मिठी मारून उभं राहण्यात कितीतरी वेळ जातो.

पण नीट पाहा. सुरुवातीलाच होगन आंद्रेला उचलायला जातो, पेलवत नाही, आंद्रे त्याच्या अंगावर कोसळतो आणि खांदे टेकलेले असताना पंचाने तीनपर्यंत मोजलं की हार, ती मोजणी जेमतेम चुकते. तिथून पुढे होगनची पाठ गेलेली आहे. तो पाठ धरून उठतो, पाठ धरून मार खातो, आंद्रे पाठीवरच वार करतो. अगदी शेवटी होगन पुन्हा तेच करायला जातो आणि या वेळी आंद्रे वर जातो. साधारण बारा मिनिटांत एकच प्रश्न विचारला आणि त्याचंच उत्तर दिलं. आंद्रेला त्याआधी कुणी उचललंच नव्हतं ही कंपनीची थाप होती. खुद्द होगनने १९८० साली त्याला आपटलेलं होतं. माझ्या लेखी त्याने काही बिघडत नाही. स्टेडियममधल्या माणसाला जे सांगितलं, ते मॅचने पाळलं.

त्याच रात्री रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची मॅच झाली, ती मात्र सगळ्यांनाच आवडते, मलाही. सॅव्हेजने आधीच्या नोव्हेंबरात घंटेने स्टीमबोटचा गळा चेचलेला असतो. मॅचच्या शेवटी तो पुन्हा तीच घंटा हातात घेतो, आणि तिथेच त्याचा घात होतो. चार महिन्यांपूर्वीची उधारी अशी फिटते.

आता जपान. स्टारवरून जो गदारोळ होतो त्याचं मूळ इथे आहे. स्टार देण्याची पद्धत मुळात रेसलिंगमधला मॅनेजर जिम कॉर्नेट आणि त्याचा मित्र नॉर्म डूली यांची, मेल्ट्झरने ती आपल्या वार्तापत्रातून जगभर नेली. कमाल पाच स्टार अशी समजूत होती. ४ जानेवारी २०१७ ला टोकियो डोममध्ये काझुचिका ओकाडा आणि केनी ओमेगा पाऊण तासापेक्षा जास्त लढले आणि मेल्ट्झरने सहा दिले. मग जूनमधल्या दुसऱ्या मॅचला सव्वासहा, आणि जून २०१८ च्या चौथीला सात. लोकांनी डोक्याला हात लावला. पाचपैकी सात कसे?

आकडा सोडून द्या. या चार मॅच ओळीने पाहा, कारण तिथे हिशोब दीड वर्ष चालतो. ओमेगाचा शेवटचा डाव 'वन-विंग्ड एंजल': समोरच्याला खांद्यावर बसवायचं आणि तिथून मानेवर खाली आणायचं. पहिल्या मॅचमध्ये तो एकदाही लागत नाही, ओमेगा धडपडत राहतो आणि हरतो. जूनमध्ये ओसाकाला तो लागतो, पण ओकाडाचा पाय दोराला टेकतो, त्यामुळे मोजणी थांबते. साठ मिनिटं संपतात, मॅच बरोबरीत. ऑगस्टमध्ये तीस मिनिटांची मर्यादा असलेल्या स्पर्धेत ओमेगा त्याच डावावर जिंकतो, पण तिथे विजेतेपदाचा पट्टा पणाला नव्हता. आणि २०१८ मध्ये, वेळेची मर्यादा काढून, तीन फेऱ्यांत दोन जिंकायच्या अशा मॅचमध्ये, ओकाडाने जवळजवळ दोन वर्षं सांभाळलेला पट्टा त्याच डावाने जातो. चौथी मॅच सुटी पाहिली तर ती लांबलचक आणि थोडी कंटाळवाणी वाटेल. पहिल्या तीन पाहून बसलात तर ओमेगाने ओकाडाला खांद्यावर घेतलं की तुम्ही खुर्चीतून उठाल. एकेका मॅचला सुटा आकडा देण्यातली अडचण नेमकी इथे आहे.

माझं मत विचाराल तर ओकाडा-ओमेगापेक्षा मित्सुहारू मिसावा आणि तोशिआकी कावादा यांचं प्रकरण जास्त खोल आहे. दोघं एकाच हायस्कूलचे, कावादा एक वर्षाने मागे. पुढे दोघं एकाच कंपनीत, ऑल जपानमध्ये. धाकटा कायम मोठ्याच्या मागे. ३ जून १९९४ ला निप्पॉन बुडोकानमधली त्यांची मॅच अनेक जण आजवरची सर्वोत्तम मानतात. कावादा लाथांनी मिसावाला जवळजवळ संपवतो, पण संपवत नाही. मिसावा शेवटी 'टायगर ड्रायव्हर ९१' काढतो, म्हणजे हात अडकवून थेट मानेवर आपटायचं. हा डाव तो फार क्वचित वापरायचा. तो काढावा लागला याचा अर्थ त्या सभागृहातल्या प्रत्येकाला कळला: धाकटा इतका जवळ आला होता. एका वर्षाने जोड्यांच्या मॅचमध्ये कावादा पहिल्यांदा मिसावाला चीत करतो. एकास एक मॅचमध्ये त्याच्याकडून विजेतेपदाचा पट्टा घ्यायला मात्र १ मे १९९८ उजाडावा लागला. चार-चार वर्षं थांबायची तयारी असलेला असा प्रेक्षक दुसरीकडे कमीच.

इथेच परीक्षण लिहिणाऱ्यांबद्दल एक कडू गोष्ट बोलायला हवी. मानेवर आपटण्याला आम्ही स्टार दिले. जितकं भयंकर, तितके जास्त. १३ जून २००९ ला हिरोशिमात एका मॅचमध्ये साध्याशा बॅकड्रॉपनंतर, म्हणजे मागून कमरेला धरून उचलून मागे आपटण्यानंतर, मिसावा उठलाच नाही. ४६ वर्षांचा होता. मेल्ट्झरने अगदी सुरुवातीला पाच स्टार दिलेल्या मॅचमधली एक १९८३ ची, टायगर मास्क विरुद्ध डायनामाइट किड. त्या डायनामाइट किडची शेवटची कित्येक वर्षं व्हीलचेअरवर गेली. म्हणून आता माझा नियम आहे, डोक्यावर आपटल्याचे वेगळे गुण नाहीत. त्याच डावाची नुसती भीती घालून काम भागलं असेल तर उलट वरचा गुण.

मेक्सिकोला गेलात की पाटी कोरी करा, नाहीतर सगळं चुकीचं दिसेल. तिथली सीएमएलएल ही कंपनी १९३३ पासूनची, तिचा शुक्रवारचा कार्यक्रम अरेना मेहिकोत होतो. मॅच बहुधा तीन फेऱ्यांची, आणि पहिली फेरी दोन-तीन मिनिटांतही आटोपते. नवख्याला वाटतं, हे काय, सुरू होताच संपली? ती नुसती मांडणी असते, मजा तिसऱ्या फेरीत. तीन-तीन जणांच्या संघात जोडीदाराच्या हातावर हात मारायची गरज नाही. एक रिंगबाहेर पडला की दुसरा आत येऊ शकतो. अमेरिकन डोळ्यांना तो गोंधळ वाटतो, तिथल्या पोरासोरांना तो तोंडपाठ असतो. पाइलड्रायव्हर, म्हणजे समोरच्याला उलटा धरून डोक्यावर आपटायचं, ज्याला तिथे 'मार्तिनेते' म्हणतात, हा फाऊल आहे. कुणी तो मारला तर मारणारा बाद होतो आणि खाणारा स्ट्रेचरवरून जातो. दुसऱ्या देशांत तोच डाव खाऊन माणूस दोनच्या मोजणीला उठतो. कुणाचं बरोबर? दोघांचंही. फटक्याची किंमत ज्या त्या गावात ठरते आणि मॅच त्या किमतीला जागली का, एवढंच पाहायचं.

तिथला सर्वोच्च डाव म्हणजे मुखवटा पणाला लावणं. हरलेला भर रिंगमध्ये मुखवटा काढतो, खरं नाव सांगतो, आणि तो मुखवटा पुन्हा कधी चढवायचा नाही. एल सांतो १९८४ मध्ये वारला तेव्हा त्याला मुखवट्यासकट पुरलं, यावरून त्या कापडाचं वजन समजा. १७ मार्च २००० ला अत्लांतिसने व्हियानो तिसरा याचा मुखवटा घेतला. उड्या मोजत बसलात तर त्या मॅचमध्ये फार काही सापडणार नाही. लोकांचे चेहरे बघा.

ब्रिटनची जुनी पद्धत तर बॉक्सिंगसारखी फेऱ्यांची, आयटीव्हीवर शनिवारी दुपारी लागायची, १९८८ मध्ये बंद झाली. खाली पडलेल्याला मारायचं नाही, मारलं तर पंच जाहीर ताकीद देणार. जॉनी सेंटच्या मॅच शोधून पाहा. समोरच्याने हात पिळला की हा गडी गाठ सोडवल्यासारखा त्यातून निसटतो आणि समोरचा स्वतःचेच हात बघत राहतो. मारामारी जवळपास शून्य, करमणूक भरपूर.

बायकांच्या मॅचबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगतो: २ एप्रिल १९९३, योकोहामा अरेना, अकिरा होकुतो विरुद्ध शिनोबू कांदोरी. कांदोरी मूळची जुडोतली. सुरुवातीलाच ती होकुतोच्या खांद्यावर असा घाला घालते की पुढची सगळी मॅच त्या एका खांद्यावर चालते. रक्त बरंच आहे, पोट मजबूत असेल तरच पाहा.

आणि हो, ग्रेट खली. आपल्याकडे त्याच्यावर हसण्याची फॅशन आहे आणि त्याच्या बहुतेक मॅच वाईट आहेत हेही खरं. पण मे २००६ मधली अंडरटेकरविरुद्धची पहिली मॅच पाहा. खली जवळजवळ काहीच करत नाही. अंडरटेकर मात्र त्याच्या प्रत्येक टोल्याने असा कोलमडतो की शेवटी खली एक पाय छातीवर ठेवून जिंकतो ते पूर्ण पटतं. मोठेपणा अंडरटेकरचा, पण मॅच म्हणून काम झालं.

सुरुवात कुठून करायची? थेट टोकियोला जाऊ नका. २३ मार्च १९९७, ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन, रेसलमेनिया १३. नियम एवढाच की समोरच्याच्या तोंडून हार वदवायची. ऑस्टिन खलनायक म्हणून येतो, रक्तबंबाळ होतो, ब्रेटच्या पकडीत बेशुद्ध पडतो पण हार म्हणत नाही. मॅच संपल्यावरही ब्रेट त्याला मारत राहतो आणि बघता बघता लोक बाजू बदलतात. इंग्रजी समालोचन ओळखीचं असेल, त्यामुळे धक्का बसणार नाही. ती एकदा आवाजासकट आणि एकदा आवाज बंद करून पाहा. मग ओकाडा-ओमेगा चारही, ओळीने. मग मिसावा-कावादा. मेक्सिको सगळ्यात शेवटी, आणि तिथे आधी दोन-तीन साध्या शुक्रवारच्या मॅच पाहून मगच मुखवट्याच्या मॅचकडे वळा. कोण जिंकलं ते आधी कळलं तरी हरकत नाही. रेटिंग मात्र आपले गुण लिहून झाल्याशिवाय बघू नका.