पगारकपात आम्ही सोसली, बोनस साहेबांना: हा राग कुठे न्यायचा?

"कंपनी अडचणीत होती तेव्हा आम्ही पगार कमी करून घेतला. आता ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. वरच्या लोकांना बोनस मिळाले आणि आम्हाला खालची ग्रेड. राग जातच नाही. मला काही मानसिक आजार झालाय का?"

बँकांची विलीनीकरणं झाली तेव्हाही समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्यापुढे आला होता. मात्र इतक्या तीव्रतेने तो मांडला एका विमान कंपनीतल्या माणसाने. त्याला निलेश म्हणू या. नाव आणि काही तपशील बदलले आहेत, आणि हे लिहायला त्याची संमती आहे.

वरूड तालुक्यातलं घर, पाच एकर संत्रा. निलेश मुंबई विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये होता, चौदा वर्षांची नोकरी. सुट्टीवर गावी आला तेव्हा वडीलच त्याला माझ्याकडे घेऊन आले. "राती झोपत नाही, मॅडम. मोबाईल पायते अन् सुनेवर वरडते. आमाले तर काही समजूनच नाही राह्यलं," काकाजी म्हणाले. निलेश खाली मान घालून बसला होता. मांडीवर एक जाडजूड फाईल, तिच्यावर दोन्ही हात.

25 मार्च 2020 पासून देशातली प्रवासी विमानं दोन महिने बंद होती. त्या काळात कंपनीने पगारकपात लावली, शिवाय पाळीपाळीने विनावेतन रजा. सगळ्या कर्मचाऱ्यांच्या ऑनलाइन बैठकीत मोठे साहेब म्हणाले होते, "आपण एक कुटुंब आहोत. आज थोडं सोसा, चांगले दिवस आले की पहिला हक्क तुमचा." निलेशने मनापासून होकार दिला होता, सहकाऱ्यांनाही समजावलं होतं. विमानं पुन्हा भरून उडू लागली, पण पगार पूर्ववत व्हायला फार वेळ गेला. मग विलीनीकरण झालं, आणि हातात आलं फिटमेंटचं, म्हणजे नव्या कंपनीतली ग्रेड आणि पगार ठरवणारं पत्र. दुसऱ्या कंपनीतून आलेली, त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी कनिष्ठ मुलं त्याच्याच ग्रेडला, एक तर त्याच्यावर. त्याच महिन्यात वरिष्ठांना मिळालेल्या बोनसची बातमी फिरली. तेव्हापासून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्याच बातम्या, तेच ग्रुप, तेच आकडे.

मी त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि इथेही ठामपणे सांगते, की हा राग आजार नाही. पैसे कमी झाले म्हणून माणूस इतका पेटत नाही. जेराल्ड ग्रीनबर्ग या अभ्यासकाने 1990 साली अमेरिकेतल्या कारखान्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन कारखान्यांत काही आठवड्यांसाठी 15 टक्के पगारकपात झाली होती. एका ठिकाणी कारणं नीट समजावून, आकडे दाखवून, खेद व्यक्त करून ती सांगितली गेली, दुसऱ्या ठिकाणी थोडक्यात उरकलं. कपात सारखीच, पण दुसऱ्या कारखान्यात चोऱ्या बऱ्याच जास्त वाढल्या. माणूस तोटा सोसतो, पण त्याला गृहीत धरलेलं सोसत नाही. अमेरिकन एअरलाइन्समध्ये 2003 साली कर्मचाऱ्यांनी दिवाळखोरी टाळण्यासाठी वर्षाला सुमारे 1.8 अब्ज डॉलरच्या कपातीला मान्यता दिली. त्याच सुमारास वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी राखलेले बोनस आणि त्यांच्या पेन्शनसाठी केलेली वेगळी तजवीज उघड झाली. इतका भडका उडाला, की मुख्याधिकारी डॉन कार्टी यांना माफी मागावी लागली आणि एप्रिल संपण्याआधी पद सोडावं लागलं. हे ऐकताना निलेशने पहिल्यांदा मान वर केली. आपण वेडे झालेलो नाही, एवढं त्याला त्या दिवशी कळलं, आणि तेवढं पुरेसं होतं.

पुढच्या भेटीला त्याची बायको, वैशाली, सोबत आली. मी निलेशला कोरा कागद दिला आणि विचारलं, "निलेशभाऊ, कंपनीला दिलेली ही सवलत नेमकी कुणाच्या खिशातून गेली ते लिहा." त्याने स्वतःच्या पगाराचे आकडे भराभर लिहिले, सगळे तोंडपाठ होते. मग पेन थांबला. विनावेतन रजेच्या महिन्यांत घराचे हप्ते कशावर गेले? काकाजींनी संत्र्याच्या आंबिया बहाराच्या पैशातून पाठवले होते. मुलीची फी? "माझं सोनं गहाण ठेवून," वैशाली म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, पण तिने पुढे जोडलं, "सोडवून आणलं तेव्हा हे काहीच बोलले नाहीत."

कागदावर निलेशच्या नावापुढे जेवढी रक्कम होती, जवळपास तेवढीच वडील आणि बायको यांच्या नावांपुढे जमली. मुंबईच्या विमान कंपनीला दिलेली सवलत अर्धी वरूडच्या बागेने आणि घरातल्या सोन्याने भरली होती. साहेबांनी साधा आभाराचा शब्द काढला नाही म्हणून तो जळत होता, आणि तोच शब्द घरात दोन माणसं तितक्याच काळापासून ऐकायला थांबली होती. मी हे त्याला बोलून दाखवलं नाही. त्याने कागद वैशालीकडे सरकवला आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

बाहेर बाकावर बसलेल्या काकाजींना मी आत बोलावलं. त्यांनी कागद ऐकून घेतला आणि त्यांना बागेचाच हिशेब आठवला. "व्यापारी बगीच्याचा सौदा करते, बयाना देते. तोडाईच्या वक्ताले येते अन् म्हनते, फळ बारीक हाय, भाव कमी करा. आपुन कमी करतो, कारन फळ झाडावर राह्यलं तर गळते. मंग तू तोंडी बोलीवर काऊन राह्यला बाप्पा? चिठ्ठी घ्याची होती."

त्या चिठ्ठीनेच पुढचं काम सुरू झालं. फाईलमधले सगळे मेल आम्ही तारखेप्रमाणे लावले. 'पहिला हक्क तुमचा' हे वाक्य एकाही कागदावर नव्हतं. कपातीच्या मेलमध्ये फक्त 'परिस्थिती सुधारल्यावर आढावा घेतला जाईल' एवढंच होतं. हे वाचताना निलेशचे डोळे भरून आले. जे कधी लिहूनच दिलं नव्हतं ते मागता येणार नाही, हे पचवायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायला हवा. कुणी लगेच "जाऊ द्या, विसरा" म्हणालं तर मला राग येतो. विसरण्यासारखं काही नसतंच त्यात.

पण जे लिहिलेलं असतं त्यात डोकं घालायचंच. नव्या कंपनीच्या पत्रात निलेशची रुजू झाल्याची तारीख विलीनीकरणाच्या दिवसाची टाकलेली होती. तीन महिने तो ग्रेडचा रकाना पाहत होता, तारखेकडे त्याची नजरच गेली नव्हती. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी पाच वर्षं सलग सेवा झाल्यावर लागू होते आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराने मोजतात, महिन्याचे कामाचे दिवस 26 धरून. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26 हजार धरले तर वर्षाचे 15 हजार, चौदा वर्षांचे 2 लाख 10 हजार. जुनी सेवा जोडली गेली नाही तर हा हिशेब शून्यापासून सुरू होणार. पीएफच्या पासबुकातही जुन्या आणि नव्या कंपनीची खाती वेगवेगळी दिसत होती, रक्कम वळती झालेली नव्हती. ज्यांची कंपनी विलीन झाली आहे अशा प्रत्येकाने आपल्या युएएनने, म्हणजे पीएफच्या कायम खाते क्रमांकाने, लॉगिन करून हे आजच पाहावं, आणि सेवा अखंड धरल्याचं लेखी पत्र मागावं. निलेशने तो मेल माझ्यासमोर बसून लिहिला. त्यात एकही विशेषण नव्हतं, फक्त तारखा आणि जोडलेले कागद.

रात्रीसाठी आम्ही एक नियम ठरवला. कंपनीबद्दलचा सगळा विचार, बातम्या, ग्रुप, संताप, हे रोज संध्याकाळी साडेपाच ते सहा. त्याबाहेर काही आठवलं तर वहीत एक ओळ लिहायची आणि दुसऱ्या दिवशीच्या साडेपाचला उघडायची. विचार दाबायचा नाही, त्याला फक्त वेळ नेमून द्यायची. पहिला आठवडा अवघड गेला, मग झोप हळूहळू लागू लागली.

एक गोष्ट मात्र मला ग्रेडपेक्षाही जास्त काळजीची वाटली. निलेशच्या बोलण्यात साहेबांइतकाच राग 'तिकडच्या' मुलांवर होता. विलीनीकरणात हे हमखास होतं. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स 2007 साली एकत्र आल्या, तरी 2012 मध्ये ड्रीमलायनर या नव्या विमानाच्या प्रशिक्षणात कुणाला घ्यायचं यावरून मूळच्या एअर इंडियाचे वैमानिक जवळजवळ दोन महिने संपावर होते. दोन्हीकडच्यांची वेतनश्रेणी आणि पदोन्नती जुळवण्यासाठी सरकारला न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमावी लागली होती. निर्णय वर होतात आणि भांडण एकाच कॅन्टीनमध्ये जेवणाऱ्यांत लागतं. मी निलेशला विचारलं, "त्या कनिष्ठ मुलाची ग्रेड त्याने स्वतः ठरवली का?" तो नाही म्हणाला. मग त्यानेच सांगितलं, की त्या मुलाचा व्हेरिएबल पे, म्हणजे कामगिरीप्रमाणे मिळणारा पगाराचा भाग, विलीनीकरणात कापला गेला आहे आणि तोही चिडलेला आहे. ड्युटीवर परतल्यावर त्याच्याशी बोलायचं, एवढं निलेशने वहीत लिहून घेतलं.

झोप दोन आठवड्यांहून जास्त उडाली असेल, दारू वाढली असेल, घरात हात उचलला जात असेल किंवा जगून काय करायचं असं मनात येत असेल, तर नुसतं समुपदेशन पुरत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

निलेशची रुजू तारीख दुरुस्त होऊन आली, पीएफ वळता झाला. ग्रेड बदललेली नाही. युनियनने एकत्रित निवेदन दिलं आहे. त्यात दोन्ही जुन्या कंपन्यांतल्या लोकांच्या सह्या आहेत, निलेशची आणि त्या कनिष्ठ मुलाचीही. कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही.