ईश्वर दयाळू, तर दुःख का?

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. इंग्लंडमधल्या जॉन लॉक इन्स्टिट्यूटच्या निबंध स्पर्धेत धर्मशास्त्र विभागात भाग घ्यायचा आहे. मर्यादा २००० शब्दांची. सरावासाठी तिने ‘ईश्वर दयाळू असेल तर जगात दुःख का?’ हा विषय घेतलाय. पण लिहिते ते प्रवचनासारखं होतं. काय करावं?

उत्तर : प्रवचन होतं, कारण निष्कर्ष आधीच ठरलेला असतो आणि विरोधी बाजू दोन ओळींत उरकली जाते. तिला पहिल्या १५० शब्दांतच आपली भूमिका सांगून टाकू द्या. मग प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम आक्षेप घ्यायचा आणि निम्मे शब्द त्याच्याशी झुंजण्यात घालवायचे.

तिच्या हाताशी उत्तम सामग्री आहे. वेदान्ताचा मूळ सूत्रग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रात (२.१.३४) हाच आक्षेप आहे: सृष्टीत एवढी विषमता, म्हणजे ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो. उत्तर असं, की तो जीवांच्या कर्मानुसार फळ देतो. पण आरंभी कर्म होतंच कुठे? पुढचं सूत्र म्हणतं, संसार, म्हणजे जन्ममृत्यूचं चक्र, अनादी आहे; त्याला आरंभच नाही. इथेच थांबू नये. अनादी म्हटल्याने प्रश्न सुटला की फक्त मागे ढकलला गेला? खरा निबंध इथे सुरू होतो. शिवाय १७५५चा लिस्बनचा भूकंप घ्यावा. माणसाच्या इच्छास्वातंत्र्याचा युक्तिवाद, म्हणजे दुःख माणसाच्याच चुकीच्या निवडीतून येतं हे म्हणणं, तिथे तोकडा पडतो, कारण जमीन कुणाच्या इच्छेने हादरली नाही.

अवतरणं तीन-चार पुरेत. ‘दुःख’ म्हणजे नेमकं काय, हे मात्र सुरुवातीलाच ठरवावं. मध्येच अर्थ बदलला की सगळा युक्तिवाद कोसळतो.